ग्लासवरची साय

प्रयोगशाळेत लागून मला चौथा महिना होता. एका सकाळी चीफ केमिस्ट साहेबांनी टेबलाशी बोलावलं आणि म्हणाले, "गेस्ट हाउसवर जाऊन या. तिथलं भांडी धुण्याचं मशीन नीट धूत नाहीये."

"सर, ते मेकॅनिकला दाखवायला हवं ना?"

"मेकॅनिकने पाहिलं. तो म्हणतो, मशीन उत्तम आहे."

"मग?"

"भांडी पांढरी निघतात. पांढरं म्हणजे केमिस्ट्री. तुम्ही जा."

हे नव्वदच्या दशकातल्या मधल्या वर्षांतलं. नगर जिल्ह्यातला एक साखर कारखाना होता एवढं सांगितलं तरी पुरे. मी कर्जतची. वडील प्राथमिक शिक्षक, आम्ही बौद्ध, घरात बी.एस्सी. झालेली मी पहिली आणि त्या प्रयोगशाळेत बाई म्हणूनही मी पहिलीच. अजून कायम झाले नव्हते. त्यामुळे कुणाच्याच कामात न बसणारं काम आलं की ते माझ्या कामात बसायचं.

भांडी धुण्याचं मशीन कारखान्यात कसं आलं, ते सगळ्यांना माहीत होतं. चेअरमन साहेब अभ्यासदौऱ्यावर परदेशात गेले होते. तिथे एका घरी जेवण झाल्यावर यजमानाने ताटं एका कपाटात घातली, दार लावलं आणि पाहुण्यांशी गप्पा मारत बसला. चेअरमन साहेबांना साखरेतलं त्या दौऱ्यात काय दिसलं ते कधी कळलं नाही, पण ते कपाट त्यांच्या मनात बसलं. उन्हाळ्यात नवं टर्बाइन बसवायला दोन परदेशी इंजिनिअर येणार होते. त्यांच्यासाठी म्हणून मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून मशीन आलं. त्याच्याबरोबर आलेला माणूस एक दिवस राहिला, दोन वेळा जेवला, मशीन चालू करून दाखवलं आणि परत गेला.

गेस्ट हाउसमध्ये पंधरा वर्षं एक मावशी भांडी घासत होत्या. जवळच्याच वस्तीवरच्या. मशीन आल्यावर त्या ते बिघडवतील असं ऑफिसात सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मी गेले तेव्हा त्या मशीनचं दार ओल्या फडक्याने पुसत होत्या. देवघर पुसावं तसं.

"या म्याडम. तुमीच का त्या पांढऱ्याच्या?"

मी हो म्हटलं. त्यांनी एक ग्लास खिडकीकडे धरला. ग्लासवर आतून-बाहेरून पांढुरकी झाक होती. पलीकडचं चिंचेचं झाड धुक्यात असल्यासारखं दिसत होतं.

"बघा. धुऊन निघाला की अशी साय धरती. स्टीलवर बी येती, पर पुसली की जाती. काचंवर लई दिसती." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मॅनेजर साहेब म्हंत्यात, मीच मुद्दाम करते. मिशीन जावं म्हनून."

"तुम्ही करता का?"

त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले. बोटांच्या पेरांवर जुन्या भेगांच्या रेघा होत्या, पण बुजलेल्या. "पंधरा वर्सं राख आन सोडा. थंडीत रगत यायचं. आता दोन म्हयनं झालं, बगा. मी कशाला घालवू मिशीन?"

ते ग्लास साधे नव्हते. गेस्ट हाउसमध्ये आधी सगळे स्टीलचेच पेले होते. परदेशी पाहुण्यांपुढे ते बरे दिसणार नाहीत म्हणून चेअरमन साहेबांच्या पत्नीने, ज्यांना सगळे वहिनीसाहेब म्हणत, आपल्या घरचे बारा नक्षीदार ग्लास पाठवले होते. त्यांच्या भावाने आखातातून आणलेले.

मी स्वयंपाकघरातून अर्धं लिंबू मागून घेतलं आणि ग्लासच्या एका बाजूला चोळलं. मिनिटाभराने पाण्याखाली धरलं. तेवढ्या बाजूने चिंचेचं झाड स्वच्छ दिसायला लागलं, पानं मोजता यावीत इतकं. मावशी माझ्याकडे आदराने बघायला लागल्या. मला ते आवडलं, हे आताच सांगून टाकते.

गेस्ट हाउसला बोअरचं पाणी होतं. बाटलीभर पाणी मी प्रयोगशाळेत नेलं. पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यात विरघळलेला चुना, मोजताना त्यात एक रंग घालतात आणि वरून थेंबथेंब औषध सोडतात. लालसर पाणी निळं झालं की थांबायचं. हे पाणी निळं व्हायला तयार नव्हतं. काचेची नळी रिकामी झाली, मी ती पुन्हा भरली. मागून चीफ साहेब बघत होते.

"हे पाणी आहे की चुनखडी?" ते म्हणाले आणि आपल्या टेबलाकडे गेले.

मशीनचं पुस्तक जर्मन भाषेत होतं. पण त्यात एक चित्र होतं: नरसाळ्यातून कुणीतरी दाणेदार काहीतरी मशीनच्या तळातल्या भोकात ओततंय. दुसऱ्या दिवशी मी मशीनमध्ये डोकं घातलं, तर तळाशी एक फिरवायचं झाकण सापडलं. आत फक्त पाणी होतं.

"मावशी, इथे काय घालायचं, ते त्या मुंबईच्या माणसाने सांगितलं होतं का?"

"मीठ टाका म्हनला हुता."

"मग?"

"मिशीनला मीठ कशाला? पाहुन्यांचं जेवान खारट झालं तर बोल कुनाला लागनार? न्हाई टाकलं."

मला एकदम उलगडा झाला. आमच्या बॉयलरचं पाणी मऊ करायला खोलीएवढ्या उंच टाक्या होत्या, त्यांनाही ठरावीक वेळाने मिठाचं पाणी पाजावं लागे. तसलीच बोटभर टाकी या मशीनच्या पोटात होती आणि ती दोन महिने उपाशी होती. मी बॉयलर हाउसमधून खडा मीठ आणलं, नरसाळ्याने ओतलं, सगळे ग्लास लिंबाने साफ केले आणि मशीन लावलं. ग्लास असे निघाले की मावशींनी एक हातात धरून उगाच टिचकी मारून पाहिली.

इथे मी थांबायला हवं होतं.

पण मला वाटलं, थोडं मऊ पाणी दिल्याने एवढा फरक पडतो, तर पूर्ण मऊ पाणी दिल्याने किती पडेल. मी अर्ज केला आणि बॉयलरच्या मऊ पाण्याची एक लाइन गेस्ट हाउसच्या मशीनपर्यंत आणवली. मिठाची टाकी होतीच. वर, मशीनबरोबर आलेली पावडर संपत आली होती आणि मुंबईचा व्यापारी पत्राला उत्तर देत नव्हता. मी प्रयोगशाळेत बसून पावडर तयार केली. धुण्याचा सोडा, आणि त्यात थोडा कॉस्टिक सोडा. आमच्याकडे उसाचा रस आटवायच्या मोठ्या भांड्यांना आतून कवच धरतं, ते काढायला कॉस्टिक वापरत. जे लोखंडी भांड्यावरचं दगडासारखं कवच काढतं, ते ताटावरचं तूप काढणारच. मी डब्याला लेबल लावलं, त्यावर माझ्या अक्षरात प्रमाण लिहिलं आणि मावशींना बजावलं की हात लावू नका, चमच्यानेच घाला.

चेअरमन साहेब गेस्ट हाउसवर जेवायला आले तेव्हा त्यांनी ग्लास उजेडात धरून बघितला आणि विचारलं, कुणी केलं हे. चीफ साहेब म्हणाले, "आमच्या मॅडमनी." त्याआधी मी 'आमची' नव्हते.

गुढीपाडव्याच्या आसपास एका दुपारी मावशी स्वतः प्रयोगशाळेच्या दारात आल्या. त्या तिथे कधी येत नसत. पदराखालून एक ग्लास काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

"म्याडम, साय परत आलीया."

"मीठ संपलं असेल."

"मीठ हाय. मी रोज बघती."

"मग लिंबू लावा."

"दोन लिंबं लावली. निघत न्हाई. ही साय येगळी हाय. ती वरून बसली हुती. ही आतनं आल्यावानी वाटती."

मी ग्लास खिडकीशी नेला. झाक होती, पण आधीसारखी चुन्याची नव्हती. तिरका धरला की तिच्यात जांभळे-हिरवे रंग फिरत, रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलमध्ये दिसतात तसे. मी नख घासलं. नखाखाली काहीच आलं नाही. मावशी जे म्हणत होत्या, ते सगळं खरं होतं. मी त्यांना म्हटलं, "पावडर कमी पडत असेल. दीड चमचा घाला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझं अक्षर डब्यावर होतं, मी बी.एस्सी. होते. त्यांनी दीड चमचा घातला.

आठ दिवसांनी ग्लास आणखी धुरकट झाले. मी एक ग्लास अर्ध्यापर्यंत ॲसेटिक ॲसिडमध्ये बुडवून सकाळपासून दुपारपर्यंत ठेवला. बाहेर काढला, धुतला, पुसला. बुडलेला भाग आणि न बुडलेला भाग यांत तसूभरही फरक नव्हता. मी खुर्चीत बसले. जे ॲसिडने निघत नाही ते चुनखडीचं नाही. जे नखाला लागत नाही ते वर बसलेलंच नाही. मग उरलं काय?

कँटीनमधून मी दोन नवे साधे ग्लास आणले. प्रयोगशाळेतला तराजू काचेच्या पेटीत असतो. श्वास लागला तरी काटा हलतो. दोन्हींचं वजन करून कागदावर लिहिलं. एक कपाटात ठेवला, दुसरा मावशींकडे दिला आणि सांगितलं की हा प्रत्येक वेळी मशीनमध्ये घाला. पाच दिवसांनी तो परत आणला, नीट वाळवला आणि तराजूवर ठेवला.

कपाटातला होता तेवढाच होता. मशीनमधला हलका झाला होता.

काही मिलिग्रॅम. मी पुन्हा वाळवून पुन्हा तोलला. तेवढाच. ग्लासवर काही चढत नव्हतं, ग्लास झिजत होता. पूर्ण मऊ पाणी, उकळायला आलेलं, आणि त्यात माझा कॉस्टिक सोडा: ही तिन्ही मिळून काच खात होती. जड पाण्याने काचेवर निदान एक थर तरी धरला असता. तो थर मीच हटवला होता, लाइन टाकून, अर्ज करून. आणि झिजलेली काच लिंबाने भरून येत नाही.

आधी मी तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. दोन दिवस तो तिथेच होता. मावशींना एवढंच सांगितलं की पावडर बंद करा, सध्या ताटं नुसत्या गरम पाण्याने धुवा. त्यांनी का म्हणून विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी ऑफिसातला एक क्लार्क टाइप केलेला कागद घेऊन आला. वहिनीसाहेबांनी कुठल्याशा कार्यक्रमासाठी आपले ग्लास परत मागवले होते आणि आधी आलेल्या दोन-चारांची अवस्था बघून चेअरमन साहेबांना विचारलं होतं. चेअरमन साहेबांनी मॅनेजरना विचारलं. मॅनेजरना विचारायला मावशींखेरीज खाली कुणी नव्हतं. कागदावर मावशींच्या नावे नोटीस होती: हलगर्जीपणाने मौल्यवान काचसामान खराब केल्याबद्दल. खाली आणखी एक ओळ होती: 'पाणी व पावडर तपासली, त्यात दोष नाही', आणि सहीची जागा. सही माझी हवी होती.

मी चीफ साहेबांकडे गेले. वजनांचा कागद त्यांच्यापुढे उलगडला. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला.

"हे तुम्ही कुणाला दाखवलंय?"

"तुम्हालाच."

"मग दाखवू नका. सही करून टाका. नोटीशीने कुणाचं काय होतं? फाइलला लागते, झालं. तुम्ही अजून कायम नाही आहात."

"सर, पावडर मी केलीये."

"म्हणून तर सांगतोय."

ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या परीने ते मला वाचवत होते. मी कागद उचलला आणि म्हटलं, मी वहिनीसाहेबांना भेटून येते, ग्लास त्यांचे आहेत. ते म्हणाले, "वेडेपणा करू नका." पण उठून अडवलं नाही.

चेअरमन साहेबांचा बंगला कारखान्याच्या गेटपासून चालत दहा मिनिटांवर होता. ऊन चांगलंच तापलं होतं. वाटेत मी वाक्यं जुळवत गेले आणि फाटकापाशी ती सगळी विसरले. वहिनीसाहेब व्हरांड्यात बसून हरभऱ्याची डाळ निवडत होत्या. मी कोण ते सांगितलं. त्यांनी खुर्ची दाखवली.

"ग्लासांबद्दल आलेय," मी म्हटलं. "ते मावशींनी खराब केलेले नाहीत. त्यांची काच झिजली आहे."

"काच झिजते?"

"हो. चुकीचं पाणी आणि चुकीची पावडर असेल तर."

"चुकीची पावडर कुणी दिली?"

"मी."

"आणि पाणी?"

"तेही मीच."

त्यांनी डाळीतला एक खडा वेचून बाजूला टाकला. मी वजनांचा कागद पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला नाही, नुसता बघितला.

"माझा भाऊ विमानात खोकं मांडीवर घेऊन बसला होता," त्या म्हणाल्या. "खाली ठेवायला दिलं नाही त्याने कुणाला. बाराही गेले का?"

"अकरा. एकाला बारीक तडा होता. आणखी फुटेल म्हणून मावशींनी तो मशीनमध्ये घातलाच नाही."

"म्हणजे फुटका आहे तोच तेवढा चांगला आहे."

"हो."

त्या पुन्हा डाळ निवडायला लागल्या. मला वाटलं, आता उठून जावं. मग त्यांनी आत बघून चहा टाकायला सांगितलं.

"ग्लास आले त्याच दिवशी तुम्ही हे सांगितलं असतं तर मी ओरडले असते," त्या म्हणाल्या. "आता चार दिवस मावशीला नावं ठेवून झालेत. परत नव्याने ओरडायला जमत नाही. साहेबांना मी सांगते. पण तुम्ही लेखी द्या. तोंडी सांगितलेलं त्या ऑफिसात कुणाला आठवत नाही."

मी त्याच दिवशी लेखी दिलं. एक पानभर. शेवटी 'यास मी जबाबदार आहे' असं लिहिलं. पण 'जबाबदार' मधला 'द' वाचता येत नव्हता. पुन्हा लिहावं लागलं.

रविवारी कर्जतला गेले आणि घरी सगळं सांगितलं. वडील म्हणाले, बरं केलंस, आणि बाहेर गेले; काळजीत असले की ते बाहेर जातात. आईने ग्लास, पाणी, वजन यांतलं काहीच विचारलं नाही. आमच्यासाठी वेगळी कपबशी बाहेर ठेवणारी घरं तिने लहानपणी पाहिली होती. मी कुणाकडे गेले की तिचा एकच प्रश्न असायचा.

"चहा दिला त्यांनी?"

"दिला."

"कशात?"

"कपात. त्यांनी घेतला तसल्याच."

आई म्हणाली, "मग नोकरी जात नाही तुझी."

नोकरी गेली नाही. मला मेमो मिळाला आणि कायम होणं एक हंगाम पुढे गेलं. चीफ साहेब महिनाभर माझ्याशी फक्त कामाचं बोलले; त्याआधीही ते कामाचंच बोलत असत, त्यामुळे फरक मलाच जाणवत होता. मावशींची नोटीस फाडली गेली. हे सांगायला मी गेस्ट हाउसवर गेले, तर त्या माझ्यावर चिडल्या.

"तुमी कशाला सांगितलं? मला नोटीस आली असती तर काय झालं असतं? मला वाचता तरी कुठं येतंय!"

"मावशी, चूक माझी होती."

"ती मला म्हाईत हुती. पाडव्यालाच म्हाईत हुती."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलले की! आतनं आलीया म्हनले. तुमी म्हनला, दीड चमचा."

त्यांनी मला बसायला पाट दिला आणि आमटी चाखायला दिली. राग त्यांचा तेवढाच होता.

मऊ पाण्याची लाइन मी काढून टाकली. जर्मन पुस्तकातल्या चित्रांवरून कळलं की पाणी किती जड आहे ते मशीनला एक खुंटी फिरवून सांगता येतं. ती मी बोअरच्या पाण्याप्रमाणे लावली. मुंबईला ट्रंक कॉल करून खरी पावडर मागवली. अकरा ग्लास वहिनीसाहेबांनी प्रयोगशाळेला देऊन टाकले, आम्ही त्यांत ब्रश आणि काचेच्या कांड्या ठेवायचो. तडा गेलेला बारावा त्यांनी घरी नेला.

मे महिन्यात परदेशी इंजिनिअर आले. गेस्ट हाउससाठी नगरहून नवे ग्लास आणले होते आणि ते चकचकीत होते. दोघांनी इथलं पाणी ग्लासात घेतलंच नाही. ते आपल्याबरोबर आणलेल्या बाटलीला तोंड लावून पाणी प्यायचे. चेअरमन साहेबांनी जेवताना ते दोनदा पाहिलं आणि टर्बाइनबद्दल विचारायला सुरुवात केली.

मशीन त्यानंतर बरीच वर्षं चाललं आणि मावशी निवृत्त होईपर्यंत त्यांनीच चालवलं. मी पुढच्या हंगामात कायम झाले. पावडरीचं नवं खोकं आलं की मावशी ते उघडण्याआधी उलटंपालटं करून बघायच्या आणि मी तिथे असेन तर मला दाखवून विचारायच्या, "हे तुमचं न्हाई ना?"

मी म्हणायचे, नाही. मग त्या खोकं उघडायच्या.